भाजीचा सोडा

किराणा मालाच्या व्यापारात ज्यांचे आयुष्य गेले, त्यांस जिरे, धने, ओवा, बडीशेप या जिनसांची ओळख करून देणे म्हणजे सराफास सोन्याची ओळख करून देण्यासारखे आहे. वानगी तळहातावर घ्यावी, अंगठ्याने चोळावी, वास घ्यावा, एखादा दाणा दाताखाली धरावा आणि मगच भाव बोलावा, ही रीत आमच्या इंदूरच्या सियागंजात आजही मोडलेली नाही. परंतु याच कुळातील एका दाण्याचा अर्क साखरेच्या पाण्यात मिसळून, त्यात वायू भरून, त्याचे शीतपेय केले जाते आणि ते एका मोठ्या शहरात दीडशे वर्षांहून अधिक काळ प्याले जात आहे, ही गोष्ट आपल्या मंडळींपैकी थोड्यांसच ठाऊक असेल. न्यूयॉर्कचे 'डॉ. ब्राउन्स सेल-रे' हे ते पेय होय. सेलरी नावाच्या भाजीचा सोडा, असेच त्याचे वर्णन करावे लागते. आणि 'भाजीचा सोडा' हे शब्द कानी पडताच बहुतेकांच्या कपाळास आठी पडते. परदेशी जाऊन आलेल्या एका स्नेह्यांनी या पेयाचे काही डबे आणून दिल्यामुळे ते प्रत्यक्ष चाखून पाहण्याचा योग आम्हांस आला. त्यामागील व्यापाराची हकीकतही चवीइतकीच तऱ्हेवाईक असल्यामुळे ती स्मरणिकेच्या वाचकांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम भाजीविषयी. सेलरीचे देठ हातभर लांब, फिकट हिरवे आणि पन्हळीसारखे असतात. पाने कोथिंबिरीची आठवण करून देणारी, पण अधिक जाड. युरोप-अमेरिकेत हे देठ कच्चेच कुरकुर चावून खातात, अथवा सारात घालतात. याच वनस्पतीची जमिनीखाली गड्डा धरणारी एक निराळी जात आहे, तिला सेलेरियाक म्हणतात. सोड्याशी तिचा संबंध नाही. किंबहुना देठाचाही संबंध थोडकाच. पेयास चव येते ती या वनस्पतीच्या बियांच्या अर्काने. हे बी ओव्याहूनही बारीक. एका ग्रॅममध्ये दोन हजारांहून अधिक दाणे भरतात. वैद्यकात 'अजमोदा' या नावाखाली जी बीजे चालतात, त्यांत याचीही गणना होते. मात्र त्या एका नावाखाली एकाहून अधिक वनस्पतींची बीजे बाजारात येतात, हे जाणत्या पेढीवाल्यांस सांगावयास नको. दाण्यात सुगंधी तेल सुमारे दोन टक्के असते. त्या तेलाचा मोठा भाग लिमोनीनचा, म्हणजे संत्र्या-लिंबाच्या सालीत असते त्याच द्रव्याचा. परंतु सेलरीचा म्हणून जो खास वास आहे तो थॅलाइड वर्गातील काही द्रव्यांमुळे येतो. त्यांचे प्रमाण अगदी अल्प, पण वास असा की पोते उघडले तर शेजारच्या गाळ्यात कळावे. तात्पर्य, ज्यास अमेरिकन मनुष्य भाजीचा सोडा म्हणतो, त्यास आपला किराणा व्यापारी मसाल्याचा सोडा म्हणेल. आणि आमच्या मते तो अधिक अचूक बोलेल.

आज सेलरी ही अमेरिकेत सामान्य भाजी असली तरी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिचा थाट काही और होता. ती पिकविणे कष्टाचे. देठ कोवळे व पांढरे राहावेत म्हणून त्यांस मातीची भर देऊन उन्हापासून झाकावे लागे. त्यामुळे ती महाग होती, आणि श्रीमंतांच्या मेजावर फुलदाणीसारख्या काचेच्या उंच पात्रात देठ उभे करून ठेवीत. मिशिगन राज्यातील कॅलामझू गावाच्या दलदलीच्या काळ्या जमिनीत डच वसाहतवाल्यांनी तिची एवढी लागवड केली की त्या गावास 'सेलरी सिटी' असे नाव पडले. भाजीस मान मिळाला की औषधवाले मागे राहत नाहीत. सेलरीने मज्जातंतू शांत होतात, निद्रा येते, अन्न पचते, अशी ग्वाही देणाऱ्या बाटल्यांचा बाजारात सुकाळ झाला. व्हरमाँट राज्यातील बर्लिंग्टन येथून निघणारे 'पेन्स सेलरी कंपाउंड' हे त्यांतील सर्वांत गाजलेले. त्यात मद्यार्काचे प्रमाण भरपूर असे, तेव्हा घेणाऱ्यास शांत वाटत असे यात नवल ते काय!

या वातावरणात 'डॉ. ब्राउन्स सेलरी टॉनिक' जन्मास आले. उत्पादकांच्या म्हणण्याप्रमाणे ते 1868 साली ब्रुकलिन येथे प्रथम तयार झाले, आणि दुसऱ्या वर्षापासून न्यूयॉर्कच्या खाद्यगृहांतून मिळू लागले. डॉक्टर ब्राउन नामक कोणी वैद्य परदेशांतून आलेल्या गरिबांच्या मुलांस सेलरी-बियांचे गोड पाणी देत असत, अशी आख्यायिका सांगतात. आख्यायिका म्हणूनच ती घ्यावी. त्या काळी पेयाच्या नावामागे डॉक्टर लावणे ही दुकानदारीची नित्याची रीत होती. पुढे 1906 साली अमेरिकेत शुद्ध अन्न व औषधींचा कायदा झाला आणि बाटलीवर काय छापावे यास लगाम बसला. 'टॉनिक' या शब्दासही सरकारी खात्याने हरकत घेतली. जो पदार्थ औषध नाही त्यास औषधी नाव नको, एवढाच मुद्दा होता. उत्पादकांनी तो शब्द काढून 'सेल-रे' असे नाव ठेविले. लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की, 1890 च्या सुमारास सेलरीची टॉनिके व सोडे काढणारे अनेक होते. ते सर्व नामशेष झाले. औषधीपणाचा दावा सोडूनही जे टिकले ते हे एकच.

ते का टिकले, हे कळण्यासाठी ते कोठे विकले जात होते हे पाहिले पाहिजे. पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू लोकांची मोठी वस्ती न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइड भागात झाली. आपल्या मराठी वाचकांस ज्यू म्हटले की कोकणातील बेने इस्राएल आठवतील. शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून गावकरी त्यांस 'शनवार तेली' म्हणत. तेथील हे ज्यू बोलीने व चालीरीतीने निराळे, परंतु आहाराचे धर्मनियम मुळात तेच. या नियमांस अनुसरून असलेल्या अन्नास 'कोशर' म्हणतात. त्यांची 'डेलिकेटेसन' नावाची खाद्यगृहे निघाली. 1930 च्या दशकाच्या आरंभी एकट्या न्यूयॉर्क शहरात अशी कोशर खाद्यगृहे सुमारे दीड हजार होती. तेथील मुख्य आहार सामिष. त्याचा तपशील आमच्या वाचकांस नको असेल आणि आम्हांसही देण्याची हौस नाही. तो खारट, स्निग्ध आणि मिरीने माखलेला असतो, एवढे पेयाच्या विचारापुरते पुरे. आता कोशर नियमाप्रमाणे मांसान्नाबरोबर दूध अथवा दुधाचा कोणताही पदार्थ चालत नाही. म्हणजे ताक नाही, लस्सी नाही, दुधाचा चहा नाही. तेव्हा जड जेवणाबरोबर काही तरी थंड, गोड, आंबूस आणि जीभ धुऊन काढणारे पेय हवे होते. सोड्याने ती जागा भरली. त्यातही सेलरीचा कडवट तिखटपणा स्निग्ध अन्नास असा काही जुळला की दोघांची गाठ कायमची पडली. 1930 च्या सुमारास या पेयास थट्टेने 'ज्यूंची शँपेन' म्हणत. 1888 पासून चालत आलेल्या काट्झच्या प्रसिद्ध खाद्यगृहात ते आजही मिळते.

आणखी एक कारण होते, आणि त्यात आपल्या समाजास विशेष स्वारस्य वाटेल. कोकाकोलासारखे देशभर पसरलेले पेय धर्मनिष्ठ ज्यूंस निःशंकपणे घेता येत नसे. कारण त्यात काय आहे हे गुपित होते. अटलांटा येथील धर्मगुरू टोबायस गेफेन यांजकडे याविषयी सारख्या पृच्छा येऊ लागल्या. कंपनीने गुप्ततेच्या अटीवर त्यांस घटकांची यादी दाखविली. तीत ग्लिसरीन होते, आणि ते प्राण्यांच्या चरबीपासून काढलेले होते. प्रमाण नगण्य असले तरी जे जाणूनबुजून घातले जाते त्यास नगण्य म्हणून सोडता येत नाही, अशी भूमिका त्यांनी घेतली. शेवटी कंपनीने वनस्पतिजन्य ग्लिसरीन वापरण्याचे मान्य केले आणि 1935 साली गेफेन यांनी अनुकूल निर्णय दिला. तोपर्यंत त्या समाजाची तहान मुख्यतः आपल्याच लोकांनी केलेल्या पेयांनी भागत होती. एवढ्या अवाढव्य कंपनीस एका लहान समाजाच्या प्रश्नासाठी आपला कच्चा माल बदलावा लागला. बाजारात ग्राहकाने नेटाने विचारलेल्या प्रश्नास किती वजन असते, याचा हा दाखला आम्हांस मोलाचा वाटतो.

आता प्रत्यक्ष चवीकडे वळू. डबा हिरव्या रंगाचा, 355 मिलिलिटरचा. त्यावर छापलेले घटक असे : वायुयुक्त पाणी, मक्याचा गोड पाक, सायट्रिक आम्ल, सेलरी-बियांचा अर्क, जळक्या साखरेचा रंग आणि परिरक्षक. काचेच्या पेल्यात ओतल्यावर रंग फिकट सोनेरी दिसला. हिरवा असेल अशी जी सर्वांची अटकळ होती ती फोल ठरली. फेस आला आणि लागलीच बसला. पेला नाकाशी नेताच पहिला वास शेपूचा, त्यामागून बडीशेपेचा, आणि अगदी शेवटी लिंबाच्या सालीचा. पहिला घोट गोड लागतो. आले घातलेल्या सोड्याची आठवण होते, परंतु घशात आल्याचा जाळ नाही. मग जिभेच्या कडांवर हिरव्या देठाची, किंचित मिरीसारखी चव उमटते. घोट गिळल्यावर जिभेच्या मुळाशी कडवटपणा राहतो आणि तो बराच वेळ हलत नाही. दुसरा घोट घ्यावा की नाही, याचा निर्णय हा कडवटपणाच करतो.

बैठकीत आम्ही सात जण होतो. सर्वांत वडील असलेल्या काकांनी एक घोट घेऊन पेला खाली ठेविला आणि म्हणाले, "ओव्याच्या काढ्यात साखर घालून कोणी तो निवत ठेवला असावा." त्यांच्या पुतण्याने मात्र पेला रिकामा करून दुसरा मागितला. तेव्हा काका म्हणाले, "घे बाबा, तुला शेपूची भाजीही आवडते." हा शेरा थट्टेचा असला तरी त्यात तथ्य निघाले. विचारपूस करता असे दिसले की ज्यांस शेपू प्रिय त्यांस हे पेय रुचले, आणि ज्यांच्या घरी शेपू शिजली की ते ओसरीवर जाऊन बसतात, त्यांस ते मानवले नाही. सात जणांच्या बैठकीवरून सिद्धान्त बांधावयाचा नसतो. तथापि दोन्ही वनस्पती एका कुळातील असल्यामुळे जिभेने हे नाते ओळखले, असे म्हणावयास हरकत नसावी.

एक पेला आम्ही मुद्दाम तसाच उघडा ठेविला. दोन तासांनी वायू निघून गेल्यावर चाखला तेव्हा तो अतिशय गोड लागला आणि सेलरीचा वास जड, शिजल्यासारखा वाटू लागला. साखर तेवढीच, अर्क तेवढाच. मग फरक कशाने पडावा? पाण्यात विरघळलेल्या कार्बन डायऑक्साइडचे जिभेवर एका विशिष्ट विकराच्या योगे आम्ल बनते, आणि आंबट चव ओळखणाऱ्या पेशीच त्याची वर्दी देतात, असे 2009 साली उंदरांवरील संशोधनात आढळून आले. त्याखेरीज वायूचे आम्ल नाकातोंडातील वेदनेच्या तंतूंसही डिवचते. सोड्याची झिणझिणी म्हणतात ती हीच. म्हणजे वायू हा नुसता फेसासाठी नसून तो पेयातील आंबट-तिखटाचा एक घटकच आहे. 1767 साली लीड्स येथे जोसेफ प्रीस्टली यांनी दारूच्या भट्टीतील पिपावर पाणी धरून ते प्रथम वायुयुक्त केले, तेव्हापासून हे रहस्य लोकांच्या जिभेस ठाऊक होते. कारण मात्र आता कळले. थंडीचेही तसेच. पेय जितके थंड तितकी गोडी दबते. म्हणून गोड सोडे कोमट झाले की मळमळते.

तिसरा प्रयोग सर्वांत उपयुक्त ठरला. न्यूयॉर्कचे गिऱ्हाईक हे पेय नुसते पीत नाही, खारट व स्निग्ध अन्नाबरोबर पिते, हे ध्यानी घेऊन आम्ही रतलामी शेव मागविली. बेसन, तेल, मीठ, लवंग आणि मिरी. शेवेचा एक घास आणि सोड्याचा एक घोट, असे चालू करताच चमत्कार वाटावा असा पालट झाला. मघाचा कडवटपणा तेलाने झाकला गेला, तेलाचा चिकटपणा सोड्याने धुऊन निघाला, आणि लवंग-मिरीशी सेलरीचे सूर जुळले. ज्या काकांनी पेला बाजूस सारला होता त्यांनी तो पुन्हा ओढून घेतला. ते पेय त्यांस आवडले असे ते अद्याप म्हणत नाहीत; पण पेला रिकामा झाला, ही वस्तुस्थिती आहे. आमचे मत असे झाले की या पेयाची चव एकट्याने पारखणे हे लोणचे नुसते खाऊन त्याविषयी मत देण्यासारखे आहे.

चमत्कारिक भाजीचे सोडे याशिवायही निघाले आहेत. सिअॅटल येथील जोन्स सोडा कंपनीने 2004 साली अमेरिकेतील आभार-दिनाच्या सणासाठी हिरव्या शेंगांच्या भाजीचा आणि लोणी घातलेल्या कुस्करलेल्या बटाट्याचा सोडा काढला. जपानात 2007 च्या उन्हाळ्यात पेप्सीने काकडीच्या स्वादाचे हिरवे पेय विकले. त्यांचा बोलबाला पुष्कळ झाला. परंतु ती कौतुकाची वस्तू होती. लोकांनी एक बाटली घेतली, तोंड वेडेवाकडे केले, इतरांस सांगितले आणि प्रकरण संपले. दुसरी बाटली घ्यावयास लावील असा कोणताही घास त्या बाटलीची वाट पाहत नव्हता. सेल-रेचेही सर्व काही सुरळीत आहे असे नाही. न्यूयॉर्कमधील कोशर डेलिकेटेसनांची संख्या दीड हजारांवरून आता मोजक्यांवर आली आहे, साखरविरहित सेल-रे काढून पाहिले ते खपाअभावी बंद करावे लागले. ज्या जेवणाशी लग्न लागले तेच दुर्मीळ होत गेले तर पेयाने कोठे जावे, हा प्रश्न उत्पादकांपुढे आहेच. आपल्याकडील जिऱ्याच्या सोड्याचे दैव या बाबतीत बलवत्तर म्हटले पाहिजे. जिरे हे सेलरीचेच कुळबंधू. कर्नाटकातील पुत्तूरचे 'बिंदू' जिरापेय बेळगावकडील वाचकांस परिचित असेलच. जेवणानंतर जिरे ही आपली सवय घरोघर असल्यामुळे त्या पेयास खाद्यगृहावर विसंबून राहावे लागत नाही.

या पेयाची आयात करण्याचा विचार कोणी करीत असल्यास एक खुलासा आवश्यक आहे. कोशर म्हणजे शाकाहारी नव्हे. ज्या वस्तूत मांस नाही आणि दूधही नाही तिला ते 'पारेव्ह' म्हणतात. परंतु मासे आणि अंडी ही त्या नियमाप्रमाणे पारेव्हच गणली जातात. म्हणून डब्यावरील कोशर चिन्हास आपल्याकडील हिरव्या ठिपक्याच्या जागी मानणे चुकीचे होईल. उलट हिरवा ठिपकाही आपल्या आहारनियमास पुरा पडत नाही. आल्याच्या सोड्यावर तो ठिपका असतोच, आणि ओले आले आपणांपैकी पुष्कळांस वर्ज्य आहे. सेलरीच्या बियांस ती अडचण नाही. घटकांची यादी ओळ न् ओळ वाचणे आणि संशय आल्यास उत्पादकास लेखी विचारणे, याखेरीज दुसरा मार्ग नाही. अटलांट्याच्या धर्मगुरूंनी तेच केले.

आणि ज्यांस पेयात रस नाही, त्यांनी दाण्याकडे तरी पाहावे. सेलरीचे बी भारतात मुख्यतः पंजाबात, अमृतसर व आसपासच्या जिल्ह्यांत पिकते. येथे त्याचा खप थोडा, परंतु अमेरिकेत आयात होणाऱ्या सेलरी-बियांचा मोठा भाग भारतातूनच जातो. काही दाणा म्हणून जातो, तर काहीचे तेल व अर्क केरळातील कारखान्यांत काढून बाहेर पाठविले जातात. या व्यापारात एक खाच आहे. काही लोकांस सेलरीचे सेवन बाधते, अंगावर पित्त उठते, क्वचित श्वास कोंडतो. म्हणून युरोपीय संघाने ज्या 14 पदार्थांचा उल्लेख वेष्टनावर सक्तीचा केला आहे त्यांत सेलरी आहे. ज्या चाळणीतून सेलरी-बी काढले त्याच चाळणीतून ओवा किंवा जिरे काढून युरोपास पाठविणाऱ्याने ही गोष्ट विसरू नये. चिमूटभर मिसळ सापडली तरी सबंध माल अडकतो. आमच्या नीमच मंडीतून ओवा उचलणाऱ्यांनी ही खबरदारी विशेष घ्यावी.

घरी करून पाहण्याची कोणास हौस असल्यास रीत सोपी आहे. खाण्याचे म्हणून विकले जाणारे बीच घ्यावे; पेरणीच्या बियांस औषध चोळलेले असते. एक वाटी साखर व एक वाटी पाणी उकळून पाक करावा, खाली उतरवून त्यात एक मोठा चमचा भरडलेले बी घालावे, झाकून तासभर ठेवावे आणि फडक्यातून गाळावे. बी पाकात उकळू देऊ नये, कडू होते. गर्भवती स्त्रियांनी मात्र हे बी टाळावे, असे सांगितले जाते. पेल्यात दोन-तीन चमचे पाक, थोडा लिंबाचा रस आणि वरून थंड सोडा. नाक्यावरच्या गोळीच्या बाटलीतला सोडा यास उत्तम चालतो. शेजारी शेवेची बशी ठेवावी.